झोप : आठ तास

सैनिकाचा जीव अनमोल असतो, आणि आमच्याकडे तो शुक्रवारी दुपारी एक ते पाच या वेळेत वाचवला जातो. टेक्सासातल्या आमच्या छावणीतून लांब सुट्टीवर निघण्याआधी प्रत्येकाला सुरक्षित गाडी चालवण्याचं व्याख्यान ऐकावंच लागतं. बराकीबाहेर फलक आहे. ही गोष्ट घडली त्या शुक्रवारी त्यावर होतं : ‘अपघाताविना दिवस २१२’. हे दिवस माझ्या पलटणीचे. पण सार्जंट मी, तेव्हा माझेच समजा.

वेंडल प्रुइट हा माझ्या हाताखालचा शिपाई, वय वर्षं वीस. त्या शुक्रवारी सकाळी नऊला तो चोवीस तासांचा पहारा संपवून आला. एरवी पहाऱ्यानंतर दिवसभर झोपायची मुभा असते. पण व्याख्यान सक्तीचं, त्याआधी गाडीची तपासणी सक्तीची आणि त्याही आधी फॉर्म. तिकडे मिसिसिपीत त्याच्या बायकोचं, टॅमराचं, शनिवारी दुपारी सिझेरियन ठरलेलं. पहिलंच बाळ. रस्ता नऊशे मैलांचा, म्हणजे चौदा तास.

‘गेल्या चोवीस तासांत किती झोप झाली?’ असा फॉर्ममध्ये रकाना आहे. प्रुइटने लिहिलं, शून्य. संगणकाने फॉर्म लाल केला. लाल फॉर्मवर कर्नलसाहेबांची सही लागते, आणि साहेब स्वतःचा हिरवा फॉर्म भरून गुरुवारीच मासे धरायला गेले होते.

“आठ लिही,” मी म्हटलं.

“पण सार्जंट, मी झोपलोच नाही. तुम्हीच तर रात्री दोनदा तपासायला आला होतात.”

“मला माहीत आहे रे. संगणकाला माहीत आहे का?”

पोरगं नाकासमोर चालणारं. म्हणालं, पाचऐवजी नऊला निघतो, मधले चार तास झोपू द्या, तरी सकाळी अकराला पोचतो. बोलणं मुद्द्याचं होतं. पण आधी किती झोपलात याला फॉर्ममध्ये रकाना आहे, आता झोपणार आहे याला नाही. शिवाय सुट्टीत बराकी पाचला कुलूपबंद होतात, तेही सुरक्षेसाठीच. शेवटी त्याने मान खाली घालून आठ लिहिलं. फॉर्म हिरवा झाला. ‘मी स्वतः खात्री करून घेतली आहे’ या ओळीखाली मी झोकात सही केली.

मग व्याख्यान. कॅप्टन हॅलस्टेड पडद्यावर चौऱ्याऐंशी पानं दाखवणार होते. विषय, ‘थकवा : आपला छुपा शत्रू’. दिवे मालवलेले, हवा गार, साहेबांचा आवाज अंगाई गाण्याच्या लायकीचा. आठव्या पानाला प्रुइटची मान पडली. आमच्यात व्याख्यानात डोळा लागला की मागे जाऊन उभं राहायची रीत आहे. तो गेला. विसाव्या पानापर्यंत मागची भिंत भरली. चाळिसाव्या पानाला खुर्चीवर मी एकटाच उरलो, कारण मला डोळे उघडे ठेवून झोपता येतं. अठरा वर्षांची नोकरी झाली आहे. साहेब सांगत होते की झोप आली तर कसलाही विचार न करता गाडी थांबवा आणि झोपा. प्रुइट तेवढ्यात भिंतीला टेकला. टेकू नकोस, अशी मी खूण केली.

पाच वाजता तो थेट आपल्या पिकअपमध्ये गेला आणि आसन मागे पाडून झोपला. साहेबांचं अक्षर न् अक्षर त्यानेच काय ते ऐकलं असावं. दहा मिनिटांत लष्करी पोलिसांनी काच ठोठावली. छावणीत उभ्या गाडीत झोपायला मनाई आहे. माणूस गुदमरू शकतो. त्याने व्याख्यानाचा दाखला दिला. ते रस्त्यावरचं, इथलं नाही, असं म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी गेलो. पोराचे डोळे लालबुंद.

“सार्जंट, तुमचं घर इथून जवळच आहे,” तो हळूच म्हणाला. “दोन तास तिथे पडू का?”

हाताखालच्या शिपायाला घरी ठेवू नये असा एक नियम असावा. नसला तरी माझ्याकडे पाहुणे येणार होते, अंगणात मांस भाजायला कोळसे पेटवायचे होते, आणि वरची खोली आवरायचा मला कंटाळा आला होता. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, “सावकाश जा रे बाबा. पोचलास की फोन कर.”

अडीचशे मैलांवर त्याचा डोळा लागला आणि गाडी कापसाच्या शेतात उलटली. पट्टा लावलेला होता म्हणून जीव वाचला, दोन्ही पाय मोडले. शनिवारी मुलगी झाली. बापाने ती दुसऱ्या राज्यातल्या खाटेवरून फोनच्या काचेत पाहिली.

चौकशी झाली. समितीने कागदपत्रांची तोंडभरून स्तुती केली. फॉर्म हिरवा, टायर तपासलेले, व्याख्यान संपूर्ण ऐकलेलं, तेही उभ्याने. गाडी खाजगी, सुट्टी मंजूर, जागा छावणीबाहेर. तेव्हा तो अपघात आमचा धरता येत नाही. फलकावर आज २३१ आहे आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं आहे. दोष एवढाच निघाला की चालकाने झोपेविषयी खोटी माहिती दिली. पायांची हाडं जुळली की प्रुइटला पुन्हा व्याख्यानाला बसायचं आहे. त्याला मागे उभं करू नये, अशी शिफारस मी केली आहे. माणुसकी म्हणून.

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो होतो. बोलेल, शिव्या देईल, अशी तयारी ठेवली होती. तो म्हणाला, “सार्जंट, पोचलो नाही, म्हणून फोन केला नाही.”

तेव्हापासून मला नीट झोप येत नाही. फॉर्ममध्ये मी आठ तास लिहितो.

तुम्ही मला नावं ठेवत असाल. खुशाल ठेवा. पण गेल्या खेपेला तुमच्या घरून कोणी जांभया देत, डोळे चोळत गाडीकडे निघालं, तेव्हा तुमच्याकडेही एखादी गादी रिकामी होती. तुम्ही दारापर्यंत आलात, हात हलवलात, आणि अगदी मायेने काय म्हणालात, ते जरा आठवून पाहा.