खड्ड्यातलं आमेन

माणूस एकटा जन्माला येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात तो एकटा राहू नये, एवढ्यासाठी समित्या नेमलेल्या असतात. आमच्या चर्चमध्ये हे काम सहभागिता समितीकडे आहे. समितीचा चिटणीस या नात्याने पुढील हकीकत मी मंडळीच्या परवानगीने मांडत आहे. (परवानगी मागितलेली नाही. पण मागितली असती तर प्रेमाने दिली असती, अशी आमची मंडळी आहे.)

आमच्या मंडळीच्या प्रेमाबद्दल दुमत नाही. उपासना संपली की प्रत्येक नव्या माणसाशी हस्तांदोलन होतं. समितीच्या पाहणीनुसार हस्तांदोलन करणाऱ्यांपैकी चाळीस टक्के लोक नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात आणि साठ टक्के त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या चहाच्या टेबलाकडे. दोन्ही नजरांत ओढ सारखीच असते. नव्या माणसाला आम्ही फार आदराने वागवतो. 'अहो'वरून 'अरे'वर यायला आमच्याकडे सरासरी अकरा वर्षं लागतात. दातांच्या डॉक्टरांना, म्हणजे समितीच्या सध्याच्या अध्यक्षांना, एकवीस वर्षं होऊनही अजून कुणी 'अरे' म्हणालेलं नाही. पण त्याला त्यांच्या हातातली पक्कड कारण असावी.

आता पाळकसाहेबांविषयी. आमचे पाळकसाहेब उपदेश बोलत नाहीत, गातात. ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो. आधी ते साध्या आवाजात गोष्ट सुरू करतात. मग ऑर्गनवर बसलेल्या मावशी हळूच एक सूर धरतात आणि साहेबांचं बोलणं केव्हा गाणं झालं ते कळत नाही. गोष्टीतला माणूस संकटात सापडू लागला की आवाज पायरी पायरीने खाली उतरतो, उतरतो, आणि सगळ्यात खालच्या सुरावर येऊन थांबतो. तिथे एक शांतता असते. ती शांतता ऐकायला मी ताप अंगात असताना गेलेलो आहे. मग आवाज वर चढू लागतो, देव हात देतो, माणूस वर येतो, शेवटचा सूर छताला लागतो आणि सगळी मंडळी एकमुखाने म्हणते, "आमेन."

हे आमेन म्हणजे आमचं ओळखपत्र. ते एका क्षणी, एका आवाजात, एखादं जड दार बंद व्हावं तसं येतं. ते कुणी शिकवत नाही. इथे जन्मलेल्यांना ते दुधाबरोबर मिळतं. बाहेरून आलेल्यांनी सुरुवातीची दोन-तीन वर्षं नुसते ओठ हलवावेत, अशी प्रथा आहे. (ही प्रथा नव्या माणसाला सांगायची नाही, अशी दुसरी प्रथा आहे.)

अशा या व्यवस्थेत लिफ्टवाले आले.

ते लिफ्ट दुरुस्त करतात. नोकरीनिमित्त बायकोसह नव्याने गावात आलेले, ओळखपाळख शून्य. बायको धुलाई केंद्रात कपड्यांना इस्त्री करते. पहिल्या रविवारी दोघं तिसऱ्या बाकावर बसली. उपदेश हरवलेल्या मेंढराचा होता. मेंढरू कड्यावरून घसरलं, काट्यांत अडकलं, अंधार पडला; साहेबांचा आवाज सगळ्यात खालच्या सुराला टेकला. शांतता झाली. आणि त्या शांततेत लिफ्टवाले मनापासून म्हणाले, "आमेन!"

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, लिफ्टच्या विहिरीत तळाशी उभं राहून आठव्या मजल्यावरच्या सोबत्याशी बोलायची त्यांना सवय आहे, त्यामुळे आवाज त्या बेताचा. दुसरी म्हणजे, मेंढरू अजून काट्यांतच होतं. गोष्ट तिथेच संपल्यासारखी झाली. पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी रडायला लागली. साहेबांनी घाईघाईने मेंढरू बाहेर काढलं, पण त्या दिवशी ते नीटसं वर आलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

लोक म्हणाले, होतं असं एखाद्या वेळी. पुढच्या रविवारी संदेष्टा माशाच्या पोटात गेला आणि लिफ्टवाल्यांनी आमेन म्हणून मासा बंद केला. त्याच्या पुढच्या रविवारी देवाच्या माणसाला सिंहांच्या गुहेत टाकलं, सिंहांनी मान वळवून बघितलं, आणि तिसऱ्या बाकावरून आमेन आलं. ते सिंहांच्या बाजूने आहे की काय, अशी शंका काहींनी चहाच्या वेळी बोलून दाखवली.

खरं कारण साधं होतं. ज्या माणसाचं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं त्याला एकच ठाऊक: गोष्ट खाली आली, थांबली, की तळमजला आला. दार उघडायचं.

यावर मंडळीने जो संयम दाखवला त्याला तोड नाही. कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. 'सुप्रभात'सुद्धा नाही. आमेन आलं की लोक फक्त त्यांच्याकडे बघत, तेही मायेने. तिसऱ्या बाकावरची इतर माणसं हळूहळू दुसरीकडे बसू लागली, जेणेकरून लिफ्टवाल्यांना ऐसपैस बसता यावं. बघता बघता चर्चमधला सगळ्यात ऐसपैस बाक त्यांचा झाला. इतकी जागा आमच्याकडे कुठल्याही जुन्या सभासदाला मिळालेली नाही.

तरी माणूस खूश नव्हता. त्यांच्या बायकोने ऑर्गनवाल्या मावशींना चहा ओतता ओतता सांगितलं, की हे रविवारी सकाळी काही खात नाहीत. म्हणतात, तुला फाटकाशी सोडतो आणि बाहेर पायरीवर बसतो. तिथून साहेबांचं गाणं मला ऐकू येतं आणि मी कुणाला ऐकू जात नाही. पुढच्या महिन्यापासून तेही नको, रविवारची ड्यूटी मागून घेतो म्हणतात. "एवढंच होतं हो त्यांना आठवड्यात," बायको म्हणाली आणि कप भरून वाहायला लागला तरी ओततच राहिली.

सहभागिता समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली. खालील उपाय चर्चेला आले. एक, योग्य क्षणी हिरवा दिवा लावणे. (वीजबिलाच्या कारणास्तव नामंजूर.) दोन, लिफ्टवाल्यांना झोपणाऱ्या आजोबांशेजारी बसवणे. हे आजोबा उपदेशाच्या आरंभी झोपतात आणि मंडळीच्या आमेनने जागे होऊन स्वतःचं आमेन उशिरा म्हणतात; दोघांची सरासरी काढली तर ती बरोबर यावी, असं अध्यक्षांचं म्हणणं. तीन, पाळकसाहेबांनी इतकं खाली उतरू नये. यावर साहेब शांतपणे म्हणाले, की मेंढरू खाली गेलंच नाही तर मी वर काय आणू?

मग अध्यक्षांनी मूळ प्रश्न विचारला: आपल्यातला कोण आमेन सुरू करतो? त्याच्याकडे बोट दाखवता आलं तर काम सोपं होईल. चौकशी झाली. अध्यक्ष मावशींच्या खांद्याकडे बघून तोंड उघडतात. मावशी ऑर्गनवर लावलेल्या आरशातून पहिल्या बाकाकडे बघतात. पहिला बाक मागच्यांच्या श्वासाचा कानोसा घेतो. मागचे अध्यक्षांच्या टकलाकडे बघतात. ते जरा हललं की समजायचं. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता आणि तरी आमेन एकदम येत होतं. हा पवित्र आत्म्याचा चमत्कार आहे, असं नोंदवून समितीने विषय घाईने संपवला.

तेव्हा मावशी बोलल्या. त्या बैठकीत कधी बोलत नाहीत, विणकाम करतात.

"तो एकटा चुकतो म्हणून ती चूक," त्या म्हणाल्या. "सगळे चुकलो, तर ती चाल होईल."

मग ठराव झाला: येत्या रविवारी सर्व मंडळीने सगळ्यात खालच्या सुरावर, लिफ्टवाल्यांच्या बरोबरीने, आमेन म्हणावे; आणि शेवटच्या सुरावर अळीमिळी गुपचिळी राहावे. त्यांना आत आणून बसवण्याची जबाबदारी त्यांच्या बायकोवर. त्यांना संकोच वाटू नये म्हणून ही गोष्ट पूर्ण गुप्त राखावी. (त्याप्रमाणे ती फक्त मंडळीतल्या सर्वांना सांगण्यात आली.)

गुरुवारी संध्याकाळी चुकण्याची तालीम झाली. चुकणं इतकं अवघड असेल अशी कल्पना नव्हती. बरोबर वागायला काही लागत नाही, शेजाऱ्याकडे बघितलं की झालं. पण एकमताने चुकायला अभ्यास लागतो. पहिल्या खेपेला अध्यक्ष इतके लवकर चुकले की गोष्टीतला माणूस अजून घरी जेवत होता. आजोबा तालमीतही झोपले. सातव्या खेपेला मात्र जमलं, आणि आनंदाच्या भरात मावशींनी लग्नातली धून वाजवली. अनोळखी माणसासाठी एवढे लोक एवढ्या उत्साहाने चुकीच्या मार्गाला लागलेले मी पाहिले नव्हते.

रविवार उजाडला. लिफ्टवाले बायकोच्या मागोमाग आले, इस्त्रीचा कडक शर्ट घालून, मान खाली. उपदेश होता भावांनी खड्ड्यात ढकललेल्या मुलाचा. साहेबांनी तो असा गायला की मला ठराव विसरायला झालं. अंगरखा गेला, भाऊ गेले, आवाज पायरी पायरीने उतरला, खड्ड्याच्या तळाला टेकला. शांतता.

"आमेन!" सगळी मंडळी गरजली. भिंतीवरचं घड्याळ हललं.

तिसरा बाक गप्प होता.

लिफ्टवाल्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि ते चौफेर बघत होते, काळजीने, जसं एखाद्या घरातले सगळे एकदम आजारी पडल्यावर पाहुणा बघतो. साहेबांचा सूर क्षणभर लटपटला. पण गाणारा माणूस, सावरले. मुलाला खड्ड्यातून काढलं, परदेशी पोचवलं, तुरुंगातून सोडवलं, सिंहासनाशेजारी बसवलं, आणि शेवटचा सूर छताला लावला. मंडळी ठरावाला बांधलेली. सगळीकडे अळीमिळी.

आणि बरोबर त्या क्षणी, जिथे म्हणायला हवं अगदी तिथे, लिफ्टवाले आठव्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात एकटेच म्हणाले, "आमेन!"

मग त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुन्हा एकटे. त्यांचा हात बाकावर ठेवलेल्या टोपीकडे गेला. बायकोने बाही धरली, पण ते उठलेच.

तेवढ्यात आजोबा जागे झाले आणि सवयीने म्हणाले, "आमेन."

सगळ्यात आधी हसले ते पाळकसाहेब. गाता गाता हसले, त्यामुळे हसू वरच्या सुरात आलं. मग मावशींचा हात पट्ट्यांवर पडला आणि ऑर्गनने भलताच आवाज काढला. अध्यक्षांनी घाबरून आमेन म्हटलं. पहिल्या बाकाने म्हटलं, मागच्यांनी म्हटलं, त्या लहान मुलीने चार वेळा म्हटलं. ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा. आमच्या चर्चच्या इतिहासात लोकांनी शेजाऱ्याकडे न बघता तोंड उघडल्याची ही पहिली नोंद. लिफ्टवाले टोपी हातात धरून उभे होते आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, का येतंय हे न कळताच.

आम्हाला कळलं चहाच्या वेळी. तीन आठवडे हा माणूस बंद लिफ्टमध्ये बसून बायकोने फोनवर रेकॉर्ड करून घेतलेले उपदेश ऐकत होता. त्यात त्याच्या लक्षात आलं, की साहेब थांबतात तो तळमजला नव्हेच. प्रत्येक लिफ्टखाली, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. तिथे दार नसतं. लिफ्टमधल्या माणसांनी तिथे उतरायचं नसतं.

"मावशी, आज तुम्ही सगळेच चुकलात हो," तो हळूच म्हणाला.

"तुझ्यासाठी चुकलो रे, गाढवा."

"आणि मग मी कुणासाठी शिकलो?"

'अहो'वरून 'गाढवा'वर: कालावधी, अडीच महिने. अध्यक्षांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा किंचित उतरला. एकवीस वर्षं. मावशींच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तू काय बघतोस रे दाताड्या, बिस्किटं फिरव." अध्यक्षांनी तीनदा फिरवली.

सध्याची परिस्थिती अशी. तिसऱ्या बाकावर आता सात जणांच्या जागेत अकरा बसतात. आमेन कुठेही येतं. दुसऱ्या एका चर्चचं शिष्टमंडळ ही प्रगत पद्धत अभ्यासायला आलं आणि भारावून गेलं. पाळकसाहेबांनी एका उपदेशात गायलं, की वर आल्यावर आमेन कुणीही म्हणेल. खड्ड्यात असताना म्हणणारा एकच होता. (हे वाक्य समितीने विचारार्थ ठेवलं आहे.)

गेल्या रविवारी एक नवं जोडपं आलं. कुठे आमेन म्हणावं हे न कळून बिचारी ओठ हलवत होती. त्यांनी समितीला नियम विचारला. समितीने नियमासाठी उपसमिती नेमली आहे.

हकीकत इथे संपते. एवढा वेळ तुम्ही लिफ्टवाल्यांना मनसोक्त हसलात, त्याबद्दल मंडळीच्या वतीने आभार. आता फक्त एक शब्द म्हणायचा राहिला आहे, तो तुम्ही म्हणावा.

शेजारी कुणाकडे बघताय?