तोच की तसाच?

चांदेकरसमोर ‘सेम’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा कॅफेत मी सहज म्हणालो, ‘मलाही सेम कॉफी.’ तर कप खाली ठेवून हा विचारतो, ‘तीच की तशीच? तीच हवी असेल तर मी अर्धी प्यायलोय.’

मॉसन लेक्स या उपनगरातल्या आमच्या ऑफिसात तो माझा कोड तपासायचा. काम फार्मसीच्या सॉफ्टवेअरचं. पेशंटच्या औषधांची जुनी आणि नवी यादी सारखी आहे का, एवढंच मला बघायचं होतं. मी दोन याद्यांमध्ये बरोबरची दोन चिन्हं टाकून मोकळा झालो. औषधं सारखी, क्रमही सारखा, तरी मशीन म्हणे याद्या वेगळ्या.

चांदेकरला तेवढंच हवं होतं. ‘तू मशीनला विचारलंस, ही तीच यादी आहे का. ती तीच नाही, तशीच आहे. आतलं एकेक औषध ताडून बघ.’ मग क्रम बदलला तर यादी सारखी मानायची का, यावर तासभर कीर्तन. आमचा मॅनेजर ब्रेट ‘नो वरीज, मेट’ म्हणत मध्येच उठून गेला.

पुढच्या कपातीत चांदेकरची नोकरी गेली. त्याच्या जागी आलेला माणूस कुणालाच काही विचारत नाही. सगळे खूश आहेत.

चांदेकरचं घर त्याआधीच मोडलं होतं. बायको मुलीला घेऊन डार्विनला गेली, तिथे तिने दुसरं लग्न केलं. नऊ वर्षांची ईरा जुलैच्या सुट्टीत येणार म्हटल्यावर या रिकाम्या माणसाने व्हिडिओ कॉलवर बघून बघून तिची डार्विनची खोली इथे उभी केली. तसाच निळा पलंग, माशांचे तसेच पडदे, फळीवरची पुस्तकंसुद्धा त्याच क्रमाने. पलंग जोडायला मी होतो.

उत्तरेच्या उकाड्यातून आमच्या जुलैच्या हिवाळ्यात कुडकुडत आलेल्या ईराने खोली नीट बघितली. ‘इट्स नाइस, बाबा,’ म्हणाली. मग विचारलं, ‘व्हेअर डू यू स्लीप?’

त्याच्या खोलीत जमिनीवर एक गादी होती, बाकी काही नव्हतं. ती तिथे जाऊन बसली आणि सुट्टीभर तिथेच झोपली.

पुढच्या सुट्टीत ईरा आली नाही, मैत्रिणींबरोबर कॅम्पला गेली. मी चांदेकरकडे डोकावलो, तर तो त्या छोट्या पलंगावर आडवा, पाय पोटरीपासून बाहेर. मी म्हटलं, अरे, स्वतःच्या गादीवर झोप की.

‘तिथे ईराची चादर आहे,’ तो म्हणाला. ‘अजून काढली नाहीये.’