बटाट्याच्या सुपाची टेकडीवरील मोहीम

राज्यारंभीच सासूबाईसाहेबांनी आम्हांस ताकीद दिधली होती की, "चार वर्षांच्या पोरीला मत देऊ नकोस बाई. दिलेलं परत मिळत नाही." परंतु आम्ही कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेलो, संमतीवाचून सत्ता तो जुलूम, ऐसे परीक्षेत तीन पुरवण्या लावून लिहिलेले, सबब सल्ला कानाआड केला आणि घरात माणशी एक मत ऐसा कायदा जारी केला. सासूबाईसाहेबांसही मत देऊ केले. त्या म्हणाल्या, "मला मत नको, चहा दे." मग मते राहिली तीन. पैकी कन्या, जीस घरात चिमणसाहेब म्हणतात, आणि तिचे तीर्थरूप, आमचे यजमान, यांची युती पहिल्याच दिवशी जाहली, आणि रयतेचे राज्य पाहता पाहता त्या दोघांचे राज्य होऊन बसले.

ऐशात चिमणसाहेबांस तीन दिवस ताप आला. ताप उतरला, परंतु जाताना भूक लुटून घेऊन गेला. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. आम्ही घटकाघटकेस कपाळास हात लावावा, विजार कमरेवरून किती घसरते ते पाहावे, आणि डॉक्टरांनी "भूक लागली की खाईल" म्हणोन सांगितले, ते मनास पटू नये, ऐसी अवस्था.

मग मुदपाकखान्यात मसलत करून बटाटे उकडिले, लोणी सोडिले, आणि गाजर, जे चिमणसाहेबांचे हाडवैरी, ते वाटून, दोनदा गाळून, वेष पालटवून बटाट्यांच्या फौजेत सामील केले. परंतु सुपास केशरी झाक आली. चिमणसाहेबांनी वाडग्यात नजर टाकिली आणि फर्माविले, "यात कोणीतरी लपलंय."

कोंडी फुटेना. तेव्हा यजमानांनी ठराव मांडिला की, सूप थर्मासात भरून टेकडीवर न्यावे, बाहेर काहीही गोड लागते. आम्ही वारा, ओल, दगड, कुत्री आणि ताप उलटण्याचा धोका ऐसी पाच कलमे मांडिली. कौल घेतला. दोन विरुद्ध एक.

मग दोन टोप्या, मोज्यांचे तीन जोड, शाल आणि थर्मामीटर ऐसा सरंजाम घेऊन फौज निघाली. चिमणसाहेब यजमानांच्या खांद्यावर, थर्मास यजमानांच्या गळ्यात, आणि आम्ही पिछाडीस. पाण्याच्या टाकीमागून चढ लागला, धाप लागली, आणि राज्यशास्त्राचा जो अर्थ तीन पुरवण्यांत सापडला नव्हता तो तेथे सापडला की, ज्यास उचलून नेतात तो राजा, आणि जी मागून टोपी घेऊन धावते ती रयत.

माथ्यावर पायवाट आडवी ओलांडून मुंग्यांची रांग चालली होती. चिमणसाहेब पायउतार होऊन उकिडवे बसले, बराच वेळ पाहणी केली, आणि तहाची शर्त घातली की, मुंग्यांवर कोणी पाय देऊ नये यास्तव बाबाने येथे पहारा करावा, म्हणजे सूप घेतले जाईल.

"किती वेळ?" यजमानांनी विचारिले.

"मी पुरे म्हणेपर्यंत."

कौल घेतला. तीन विरुद्ध शून्य. यजमान रांगेच्या दोहों बाजूंस पाय रोवून उभे राहिले, आणि आम्ही पहिला चमचा पुढे केला. तो गेला. दुसरा गेला. अकरावा गेला, मग वाडगेच तोंडास लागले, आणि तळ बोटाने चाटून साफ जाहला, गाजरासुद्धा. आमच्या डोळ्यांस पाणी आले ते वाऱ्याने.

आणि चिमणसाहेब चमचा मुठीत धरून आमच्या खांद्यावर निजले. आम्ही हळूहळू उतार धरिला. मागून यजमानांनी दबक्या आवाजात पुसिले, "अगं, मी येऊ ना?" परंतु सर्वानुमते केलेला कायदा एकट्याने मोडावा कैसा? आम्ही ओठांवर बोट ठेवून खूण केली की, तिला विचारा. यात अल्पमताचा सूड तिळमात्र नाही.

येणेप्रमाणे सूप पोटात उतरून मोहीम फत्ते जाहली, आपल्याकडील कोणी जायबंदी नाही, ऐसे नमूद करितो. चिमणसाहेब घरी सुखरूप निजले आहेत, कपाळ थंड आहे, आणि त्यांस उठविण्याची आमची छाती नाही. तरी वाचणारांपैकी कोणी टाकीमागच्या टेकडीवर फिरावयास जाणार असेल, त्याने वर पाय फाकवून उभे असलेले एक उंच गृहस्थ दिसल्यास विचारपूस करावी, स्वेटर घातला आहे की नाही ते पाहावे, आणि त्यांजपाशी जाताना कृपा करून खाली बघून चालावे.