मोहरीला लागलेला नारळ

फॅक्स मशीनमधून कागद अर्धाच बाहेर आला होता, तेवढ्यात डॉ. नंदकिशोर गुप्त्यांनी तो ओढला. उरलेला अर्धा फाटून आत अडकला. पण तीन वर्षं ज्या आकड्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो वरच्या अर्ध्यातच होता. लॉरिक आम्ल, अठ्ठेचाळीस टक्के!

मागच्या तपासणीत हाच आकडा एका टक्क्यालाही पोचला नव्हता. एवढी उडी मोहरीने दोन महिन्यांत कशी मारली, असा प्रश्न एखाद्या संशयी माणसाला पडला असता. डॉक्टर संशयी होते, पण फक्त अपयशाच्या बाबतीत. आकडा वाईट आला की ते तीनतीनदा तपासून घेत. चांगला आला की लगेच विश्वास ठेवत.

त्यांनी चिमट्याने आतला कागद बाहेर काढला. अहवालाची शेवटची ओळ होती, ‘नमुना सर्व बाबतींत खोबरेल तेलाशी जुळतो.’ डॉक्टरांचे डोळे भरून आले. एवढी स्तुती त्यांच्या प्रबंधाचीही झाली नव्हती. त्या ओळीखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या.

प्रकल्पच तसा होता. साबणाला फेस येतो तो लॉरिक आम्लामुळे. ते मिळतं खोबरेल तेलातून, आणि खोबरेल तेल महाग. म्हणून नवी मुंबईत पावणे गावातल्या साबणाच्या कारखान्याचे मालक ताजुद्दीनशेठ यांनी ठरवलं होतं, की तमालपत्राच्या जातीतल्या एका परदेशी झाडाचं जनुक मोहरीत घालायचं आणि मोहरीकडून खोबरेलाचं काम करून घ्यायचं. त्यासाठी कारखान्यामागे गोटीराम पाटलाची जागा भाड्याने घेऊन काचघर उभं केलं. जागेच्या चारी बाजूंना गोटीरामची नारळाची झाडं होती. मोहरीला नारळाचे गुण कसे लावावेत, या विचारात डॉक्टर गढलेले असताना मधूनच शेजारच्या पत्र्यावर धाडकन नारळ पडे. तंद्री मोडते म्हणून डॉक्टरांनी याबद्दल गोटीरामकडे लेखी तक्रारही केली होती.

“तेल काडायचं हाय तं ह्यो काय वर लटकलाय!” गोटीराम तेव्हा म्हणाला होता.

“ते खोबऱ्याचं झालं. आम्हाला मोहरीतून काढायचंय.”

“पन कशाला?”

“तुम्हाला नाही कळायचं, पाटील.”

तीन वर्षांत प्रकल्पाबद्दल कोणी विचारलेला तेवढाच एक मूलभूत प्रश्न. पुढे शेठचाही धीर सुटला होता. “डॉक्टरसाब, डिसेंबरपर्यंत फेस दिसला तर ठीक,” त्यांनी सांगून टाकलं होतं, “नाही तर त्या काचघरात मी साबणाची खोकी रचणार. आणि तुमी खाली कढईवर कॉस्टिक सोडा मोजायला.” आता सत्त्याण्णव सालचा डिसेंबर चालू होता. ऐरोलीच्या सोसायटीत दारावर ‘शास्त्रज्ञ’ अशी पितळी पाटी लावलेल्या माणसाने कॉस्टिक मोजायचं म्हणजे पाटी उलटी टांगण्यातलाच प्रकार.

म्हणून तो अहवाल डॉक्टरांनी दोन्ही हातांत धरून, आरतीचं तबक न्यावं तसा शेठच्या केबिनमध्ये नेला. सोबत तपासणीला नमुना पाठवून उरलेल्या तेलाची बाटलीही नेली.

शेठनी अहवाल बाजूला ठेवला. बाटलीचं झाकण काढलं. आतलं तेल थंडीने पांढरं होऊन गोठलेलं होतं. त्यांनी बोटाने थोडं उकरलं, मनगटावर चोळलं, हुंगलं. मग डॉक्टरांकडे निरखून बघितलं.

“वास खोबऱ्याचा येतो,” शेवटी म्हणाले.

“येतो ना!” डॉक्टर उचंबळून म्हणाले. “वाससुद्धा! ते तर आम्ही ठरवलंही नव्हतं!”

“माशाल्ला,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलून एका पेपरवाल्याचा नंबर फिरवला.

दुसऱ्याच दिवशी ‘मोहरीला लागला नारळ!’ असा मथळा झळकला. खाली फोटोत काचघरातली मोहरी होती आणि तिच्या मागे, चुकून, गोटीरामचं नारळाचं झाड. ऐरोलीच्या सोसायटीने नोटीस बोर्डावर अभिनंदन लिहिलं. पाण्याच्या थकबाकीदारांची नावं पुसून तेवढी जागा करावी लागली, म्हणून थकबाकीदार विशेष प्रेमाने हात मिळवून गेले. डॉक्टरांची बायको सुचिता हिच्या माहेरच्यांनी, जे आजवर जावयाला ‘तेलाच्या दुकानात असतात’ असं म्हणत, ‘संशोधनात असतात’ असं म्हणायला सुरुवात केली. सत्काराची तारीखही ठरली. भाषणात परदेशी शास्त्रज्ञांचे आभार मानावेत की त्यांना क्षमा करावी, एवढाच प्रश्न डॉक्टरांपुढे उरला.

अशा भरात आठवडा गेला. काचघरातल्या रोपांना पाणी घालायला गोटीरामची बायको पुतळा येत असे. डॉक्टर पाठ केलेलं भाषण मोहरीपुढे म्हणून बघत होते आणि पुतळा झारी घेऊन ऐकत होती.

“डाक्टर, एक इचारू?” ती म्हणाली. “तुमचं त्या फ्रिजमदलं तेल कसलं होतं वो?”

“कुठलं?”

“बारकी बाटली. माज्या बोंबलाच्या डब्यामांगं व्हती ती.” प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये पुतळाचे बोंबील असत. जागेच्या मालकिणीला नाही कोण म्हणणार?

“तेच ते, पुतळाबाई!” डॉक्टर अभिमानाने म्हणाले. “ज्याचं पेपरात आलं ते.”

पुतळाने झारी खाली ठेवली. “मागल्या म्हयन्यात एका शनवारी भाच्याची हलद व्हती करंजाड्याला. टेम्पो दारात हुबा. डोक्याला तेल नाय. म्हनून बोंबील काडताना ती बाटली दिसली, ती घेतली. मना वाटलं खोबरेलच हाय. सगलं लावलं. आन डाक्टर, काय सांगू! डोक्याला नुसती आग. डोलं झोंबून पानी. सगली बोलतात, पुतला भाच्याच्या लग्नाला किती रडते! कसलं खोबरेल, मोहरीच ती!”

तीन वर्षांच्या संशोधनाची खरी तपासणी करंजाड्याच्या मांडवात पुतळाच्या डोक्यावर झाली होती, आणि निकाल स्वच्छ होता : मोहरी ती मोहरीच राहिली होती.

“मग... मग बाटलीत आता काय आहे?”

“आमचं घरचं खोबरेल. माज्या हातचं.” पुतळा जरा दुखावूनच म्हणाली. “दुसऱ्याचं भांडं रिकामं देतात काय? बाटली राखेनं घासली, भरली, व्हती तितं ठेवली. आमच्यात नाय तसं.”

आणि ते खरंच होतं. सुचिता कधी डब्यातून पुरणपोळी पाठवी, तर पुतळा तो डबा कधीच रिकामा परत करत नसे. कधी दोन अंडी, कधी मूठभर सुकट, काही नाही तर नारळाची वाटी. गुप्त्यांच्या घरी या रिवाजाचं फार कौतुक होतं.

दोन दिवस डॉक्टरांनी अन्न गोड लागत नाही असं सांगितलं. सुचिताने ‘नुसत्या विचारांनी थकता’ म्हणून त्यांच्या टाळूवर खोबरेल थापलं, तेव्हा ते कळवळले. सत्कारात कोणी उठून नमुना मागितला तर? तिसऱ्या दिवशी ते शेठच्या केबिनमध्ये शिरले आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळे झाले. बोंबील, हळद, टेम्पो, राख, सगळं.

शेठ शांतपणे चहा पीत होते. “बसा,” ते म्हणाले. “डॉक्टरसाब, मी किती वर्षं साबण उकळतो? खोबरेल मला नाकाला कळत नाही?”

“म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच...?”

“हुंगल्या हुंगल्या. पुतळाबाईचं असेल ते नव्हतं माहीत. चांगलं काढते.”

“मग पेपरात का दिलंत?”

“अहो, बातमी आली आन वाशीच्या मार्केटात खोबरेलवाल्यांची झोप उडाली. उद्या मोहरीतून फुकट तेल निघणार, मग आपला माल कोण घेणार? जो भाव कमी करा म्हणून मी वर्षभर त्यांच्या पाया पडत होतो, तो आठ दिवसांत आपोआप उतरला. माझ्या टाक्या भरतायत. शनिवारपर्यंत तुमी गप राहा, काय?”

“आणि काचघर?”

“काचघराला कोण हात लावतो? तुमचा पगारपन वाढवतो.” शेठनी कप खाली ठेवला. “फक्त पुढच्या वर्षी पामतेल महाग होणार असं दिसतंय. शेंगदाण्यातून पाम निघतं का बघा. निघालं नाही तरी चालेल. निघतंय असं म्हटलं तरी बस.”

म्हणजे कॉस्टिक टळलं होतं, काचघर वाचलं होतं, पाटी सरळ राहिली होती. डॉक्टरांनी मनाशी हिशेब केला, आणि जमेच्या बाजूला सगळंच दिसत असूनही बेरीज काही केल्या सुखाची येईना.

काचघराच्या दारात गोटीराम कमरेवर हात ठेवून उभा होता. मागे नारळांची पोती आणि पोत्यांवर पुतळा.

“या, डाक्टरसायब!” गोटीराम गरजला. “सकाली येपारी येनार व्हता माल उचलाला. आला, आन निस्ता बगून गेला. बोलतो, आता मोहरीलाच नारल लागतंय, तुजा कोन घेल? निम्म्या भावात देतंस काय? तीन वर्सं माज्याच जाग्यात बसून माजाच नारल बुडवलात तुमी!”

डॉक्टरांनी तोंड उघडलं, शनिवार आठवला, आणि मिटलं. त्यांची नजर पुतळाकडे गेली. ती पोत्यावरून उतरली होती आणि नवऱ्याकडे न बघता पदराशी चाळा करत होती. नारळ नेमका कुणी बुडवला, हे त्या तिघांपैकी दोघांनाच माहीत होतं.

“पाटील, विज्ञानाच्या प्रगतीत असं थोडंफार...” डॉक्टर पुटपुटले.

“तुमाला नाय कलायचं, डाक्टर,” गोटीराम म्हणाला आणि पोतं पाठीवर घेऊन चालता झाला.

पुतळाने ओसरीवरून सुचिताचा डबा आणून डॉक्टरांच्या हातात दिला. तो हाताला फारच हलका लागला. डॉक्टरांनी झाकण उघडून बघितलं. डबा राखेने घासून लखलखीत केलेला होता, आणि आत काहीही नव्हतं.