ओव्हाळभाऊंचे चाळीस सेकंद

आमच्या शेजारच्या ओव्हाळभाऊंच्या घरात गाणी वाजवायची यंत्रं इतकी आहेत की पाहुण्याला पाय कुठे ठेवावा ते कळत नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत सहा वर्षं त्या घरात एकही गाणं शेवटपर्यंत वाजलेलं नव्हतं. चाळीस सेकंद. त्यापुढे एक सेकंद नाही. गाणाऱ्या बायका रंगात येतात, ढोलकी जरा अंगात यायला लागते, आणि भाऊ कॉम्प्युटरचं बटण दाबून सगळ्यांना गप्प करतात.

"अहो, वाजू द्या की पुढे," असं मी पहिल्या वर्षी म्हणून पाहिलं होतं.

"बाई, टेस्ट पास झाल्याशिवाय लाइन चालू करत नाहीत."

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून लोणावळ्यातलं अख्खं वलवण मला बाई म्हणतं. भाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, उभी नोकरी घाटात. निवृत्त झाले, पण सिग्नल काही डोक्यातून उतरला नाही. "शंका आली की लाल. गाडी उभी राहिली तर कुणी मरत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वांग्यांबद्दल ऐकलंय, छत्रीबद्दल ऐकलंय, आणि एकदा तर माझ्या घरच्या पोह्यांबद्दलही ऐकलंय. पोहे तसेच परत गेले.

भाऊंचं मागणं म्हणाल तर अगदी एवढंसं. त्यांच्या बायको, कुसुममावशी, माहेरच्या बेडशाच्या. तिथल्या बायकांच्या गायन पार्टीत त्या खंजिरी वाजवायच्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला मावळातल्या गावागावांतून पार्टीला बोलावणं यायचं, आणि लग्नानंतरही मावशी खंजिरी पिशवीत घालून एसटीने जायच्या. एका वर्षी भाऊंनी समोर टेप ठेवून कार्यक्रम कॅसेटवर घेतला. पुढे पार्टी मोडली. कुणी वारलं, कुणी लेकाकडे नवलाख उंबरे गावी राहायला गेलं. राहिली ती कॅसेट, तर आमच्याकडच्या ओलीने तिला बुरशी धरली. ती पुरती जायच्या आत भाऊंनी पुण्याला जाऊन तिची कॉम्प्युटरवर चालेल अशी फाइल करून आणली. आता ती घरात झकास वाजवायची आणि कुसुमला तिची खंजिरी ऐकवायची. बस.

दुसरा कुणी असता तर एका संध्याकाळी हे काम उरकून मोकळा झाला असता. पण भाऊंनी आधी 'अभ्यास' सुरू केला.

गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात झाली. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याबरोबर पडद्यावर रंगीत लाटा नाचायच्या. "मला गाणं ऐकायचंय का तमाशा बघायचाय?" नापास. दुसरं सॉफ्टवेअर बारीक आवाज आपणहून मोठा करायचं. "उद्या सिग्नल आपल्या मनाने पडायला लागला तर चालेल का बाई?" नापास. तिसऱ्याला आधी नाव, पत्ता, मोबाईल नंबर हवा होता. आपल्याच घरात आपल्याच बायकोचं गाणं लावायला परवानगी मागायची, याचा भाऊंना इतका संताप आला की त्यांनी दोन दिवस कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला.

चौथं बरं होतं. पण त्याने फाइल उघडल्या उघडल्या वर लिहिलं, 'अज्ञात कलाकार'.

"अज्ञात?" भाऊ ओरडले. "अहो, ही काय समोर बसलीये! मेथी निवडतीये!"

मग कीबोर्डवर एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी तिथे टाइप केलं : कुसुम ओव्हाळ, बेडसे, खंजिरी. आणि मग ते सॉफ्टवेअरही नापास केलं, कारण सुरुवातीला बारीक खरखर येते अशी त्यांना शंका आली.

सॉफ्टवेअरनंतर यंत्रं. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी एक डबी असते, तशा डब्या पाच आणल्या. अॅम्प्लिफायर तीन. स्पीकर किती ते विचारू नका, दोन तर मोरीच्या दारात उभे आहेत, आंघोळीला जाताना त्यांना वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात यांना ओल लागू नये म्हणून कपाटात चोवीस तास दिवा जळतो. माझ्या घरी पापड मऊ पडतात आणि यांच्याकडे वायरी कुरकुरीत! जमिनीवर खडूच्या खुणा आहेत : हा स्पीकर इथे, तो तिथे, आणि मधोमध एक गोल. गोलात मावशींची खुर्ची. ती झाडताना हलली तर भाऊ फीत घेऊन धावतात.

आणि यात माझा बळी का? तर त्यांच्या खात्यात एकट्याने केलेली टेस्ट धरत नाहीत. दुसऱ्या माणसाची सही लागते. मी भिंतीला भिंत लागून राहणारी, एकटी, वर सरकारी पगार खाणारी, म्हणजे सही करायला लायक. दर रविवारी अकरा वाजता हाक यायची, "बाई, जॉइंट टेस्ट!" सहा वर्षांचे रविवार! लोक मुंबईहून गाड्या भरभरून लोणावळ्याला मजा मारायला येतात आणि मी जन्माची लोणावळेकरीण खडूच्या रेघेबाहेर घड्याळ धरून उभी.

टेस्ट अशी. भाऊ बटण दाबणार. मी चाळीस सेकंद मोजणार. तेवढ्यात भाऊ मावशींना एकेक वाद्य विचारणार, चांगलं खणखणीत आवाजात, कारण अलीकडे मावशींशी मोठ्यानेच बोलावं लागतं. वयच झालंय, कानाला मशीन आहे.

"ढोलकी?"

"लय भारी! पार छातीत वाजतीया."

"पेटी?"

"हाय की."

"खंजिरी?"

इथे अलीकडे मावशी मान तिरकी करून कान द्यायच्या. मग म्हणायच्या, "न्हाई ओ. खंजिरी काय येत न्हाई ह्याच्यात."

"कापतंय!" भाऊ मांडीवर थाप मारायचे. "सांगत नव्हतो? हे सॉफ्टवेअर वरचे सूर कापतंय!" की मग रजिस्टरात शेरा, खाली त्यांची सही, माझी सही, आणि नव्या यंत्राचा अभ्यास सुरू.

आता माझ्या कानांचं सांगते. मला ती खंजिरी ऐकू यायची. चांगली छनछन ऐकू यायची. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला वाटायचं, माझे कान शाळेच्या घंटेवर वाढलेले. या दोघांना ऐकायची ती खंजिरी काही निराळी, जास्त नाजूक असणार. शहाण्यासारखी मी सही करून घरी जायचे.

गेल्या महिन्यात मात्र माझा बांध फुटला. भाऊंनी पुन्हा एक नवी डबी आणली होती. त्या रविवारी माझ्यापुढे नववीच्या पेपरांचा ढीग होता. चाळीस सेकंद झाले. ढोलकी भारी, पेटी हाय, खंजिरी न्हाई.

"कापतंय!" भाऊ म्हणाले.

"काही कापत नाही!" मी भाऊंकडे तोंड करून ओरडले. "भाऊ, स्वच्छ वाजतेय खंजिरी! पहिल्या दिवसापासून वाजतेय! आणखी किती वर्षं छळणार आहात मला?"

भाऊंचा चेहरा एकदम पडला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हनत्यात बाई?" त्यांनी भाऊंना विचारलं.

"चहा मागतायत," भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुटपुटले, "रजिस्टर आणा आतून. कपाटात आहे."

मावशी चहाला उठल्या. कपाट स्वयंपाकघरातच, ओट्यासमोरच्या भिंतीला, दिवा जळतो तेच. रजिस्टरावर जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते मी बाजूला करायला उचललं आणि टॉवेल सुटला. छन्न! सगळं स्वयंपाकघर वाजलं. माझ्या हातात खंजिरी होती. गेल्या दिवाळीपासून भिंतीवरचा तिचा खिळा मोकळा होता. चकत्या सैल झाल्यात म्हणून दुरुस्तीला दिलीय, असं भाऊंनी मावशींना माझ्यादेखत सांगितलं होतं. चकत्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मावशी माझ्यापासून दोन हातांवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. भांड्यात साखर टाकत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी खुळ्यासारखी मुद्दाम पुन्हा एकदा हलवली, जोराने. मावशींनी शांतपणे चहात आलं किसलं.

भूगोल शिकवते मी! समोर उभा असलेला डोंगर मला इतकी वर्षं दिसला नाही.

मागे वळले तर दारात भाऊ उभे होते. त्यांनी माझ्या हातातून खंजिरी घेतली, चकत्या बोटांनी दाबून धरत टॉवेलात गुंडाळली आणि जागेवर ठेवली. मग आम्ही बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

"मशीनने समोरून बोललेलं येतं तिला," भाऊ म्हणाले. "खंजिरी येत नाही. गेल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, तेवढी आता येणार नाही. ती बाहेर चपला घालत होती तेव्हा म्हणाले."

"मावशींना माहीत नाही?"

"तिला वाटतं, सॉफ्टवेअर कापतंय. हातातली खंजिरीही ऐकू आली नाही तर कळेल, म्हणून ती लपवून ठेवली."

"मग सांगत का नाही भाऊ? कधीतरी कळणारच ना."

"कळेल तेव्हा कळेल." त्यांनी मांडीवरचं रजिस्टर उघडून पहिलं पान माझ्यापुढे धरलं. सहा वर्षांपूर्वीचं, सगळ्यात पहिलं सॉफ्टवेअर, घरातले जुने स्पीकर. ढोलकी, आहे. पेटी, आहे. खंजिरी, आहे. खाली शेरा : पडद्यावर लाटा, बारीक खरखरीची शंका, नापास. खाली भाऊंची सही. त्याखाली माझी, न वाचता केलेली. मावशी तेव्हा काय म्हणाल्या होत्या तेही माझ्या लक्षात नव्हतं.

"तेव्हा येत होती तिला," भाऊ म्हणाले. "बाई, तेव्हा ती म्हणाली होती, हाय की समदं, आता लावा की म्होरं. मी लावलं नाही. मला शंका आली." त्यांनी खंजिरीपुढच्या 'आहे'वर बोट टेकवलं. "मी गाडी उभी केली. तीन वर्षं लाल दाखवून उभी केली, तिला ऐकू येत होतं तोवर. आणि आता कुठलं यंत्र आणू, सांगा? तुम्ही शिकलेल्या आहात. कुठलं आणू?"

भाऊ रडत नव्हते, पण बोट मात्र त्या 'आहे'वर ठेवून बसले होते. सहा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात चक्रम म्हणत आले, त्याची मला लाज वाटली. आतून मावशींनी हाक मारली, "च्या निवतोय!"

चहा झाला. मावशी आपल्या खडूच्या गोलात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आवं, बाई मगाशी वराडल्या त्या नादात लिवायचं ऱ्हायलं. घ्या की परत टेस्ट." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं तोंड मी परीक्षेच्या दिवशी पोरांचंही पाहिलेलं नाही.

त्यांनी बटण दाबलं. मी घड्याळ धरलं. ढोलकी, पेटी, आणि वर खंजिरी, लखलखीत, एकेक चकती निराळी मोजावी अशी.

"खंजिरी?" भाऊंनी विचारलं.

"न्हाई बा." मग मावशी माझ्याकडे वळल्या. "तुमास्नी येती का ओ बाई?"

सहा वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं होतं. "नाही हो मावशी," मी मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून म्हणाले. "सॉफ्टवेअर कापतंय."

भाऊंच्या हातातून रजिस्टर ओढून मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : खंजिरी नाही, सॉफ्टवेअरचा दोष. सही केली. भाऊंनी खाली सही केली. या सगळ्यात चाळीस सेकंद कधीच होऊन गेले होते, आणि भाऊंच्या ते लक्षात येताच त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी तो मधेच धरला.

"राहू द्या," मी म्हणाले. "जाऊ द्या गाडी."

त्यांनी हात मागे घेतला.

गाणं पुढे निघालं. बायका कडव्यावर आल्या, ढोलकी उठली. मावशी खुर्चीत एकदम ताठ झाल्या. "आगं बया! ह्याच्या म्होरं बी हाय व्हय? मी तर इसरूनच गेलते!" आणि त्यांचा उजवा हात डाव्या तळव्यावर पडायला लागला. ढोलकीच्या अंदाजाने, पदर सावरायचंही भान न राहता. मला दोन्ही ऐकू येत होतं, स्पीकरमधली खंजिरी आणि त्यांच्या हाताची थाप. शेवटपर्यंत दोन्ही बरोबर पडत होतं. भाऊ खडूच्या रेघेवर उभे राहून नुसते त्यांच्या हाताकडे बघत होते.