बागुलांचं भरलं रताळं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बागूल कंपनीतून घरी आले, की पायातले बूट काढायच्या आधी कुकर लावतात. कुलूप उघडलं, दार ढकललं, तसेच स्वयंपाकघरात गेले, सकाळीच धुऊन ठेवलेली रताळी कुकरमध्ये टाकली, गॅस पेटवला, आणि मग परत दाराशी येऊन बूट काढले. हे मी ऐकीव सांगत नाही, रोज डोळ्यांनी बघते. कारण मीही पतपेढीतून त्याच वेळेला घरी पोचते आणि सोफ्यावर बसून, आज रात्री काय करायचं या विचारात पडते. तेवढ्यात समोरून कुकरची पहिली शिट्टी होते. ती मला उद्देशून मारली आहे असं मला दर वेळी वाटतं.

स्पष्टच सांगते, मला बागुलांचा हेवा वाटतो. माणूस पन्नाशीचा, पोट सुटलेला, अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. बायको सटाण्याजवळ शाळेत शिक्षिका, मुलगा शिकायला पुण्याला. त्यामुळे सोमवार ते शनिवार बागूल इथे एकटे, आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं तिकडे घरी. अशा माणसानं खरं तर खानावळीचा डबा लावावा, नाहीतर खिचडी खाऊन गप झोपावं. ते सोडून हे गृहस्थ रोज भरलेली रताळी करतात आणि वर आम्हा समोरच्यांनाही आणून देतात.

पद्धत अगदी सोपी. तेच तर माझ्या पोटात दुखतं. रताळी उकडेपर्यंत बागुलांची अंघोळ होते. मग एकेक रताळं उभं चिरायचं, सालीला धक्का न लावता चमच्यानं आतला गर काढायचा, त्यात परतलेला कांदा-लसूण, मिरची, सकाळच्या उसळीतली उरलेली मटकी कुस्करून पुन्हा सालीत भरायचा आणि तव्यावर झाकण ठेवून खरपूस होऊ द्यायचा. वर दही. झालं जेवण. पोळ्या नाहीत, भाजी नाही, आमटी नाही. रताळी नदीकाठी गंगेवर भरणाऱ्या बुधवारच्या बाजारातून, तीही बाजार उठताना घेतलेली. "पोट भरतं आन् खिसाबी हलका होत नाही, वहिनी. त्यात काय शे!" असं म्हणतात. बागूल बोलतात आपल्यासारखंच, पण खुशीत आले की 'आहे'च्या जागी गावाकडचं 'शे' तोंडातून निसटतं. रताळ्याच्या बाबतीत ते कायमच खुशीत असतात.

आमच्या घरी पोळी लाटल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. म्हणजे इतकी वर्षं मला तसंच सांगण्यात आलं होतं. मी कामावरून येऊन कणीक भिजवायची, भाजी फोडणीला टाकायची, कोशिंबीर करायची, आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, ताटातलं मुकाट्यानं संपवून हात धुवायचे. वाईट काही बोलणार नाहीत. चांगलंही नाही. लग्नानंतर मी केलेल्या पहिल्या पुरणपोळीला त्या "हं" म्हणाल्या होत्या. तेवढ्या एका 'हं'वर मी आजपर्यंत दिवस काढले.

आणि याच आई बागुलांची ताटली आली की ज्या सुटायच्या! "बागूल, आज लसूण काय खमंग उतरलाय हो! आधी गोड लागतं, मग मागून मिरची येते. साल कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. दह्याला आंबटपणा कसा बेताचा!" बागूल दारात उभे राहून कान देऊन ऐकायचे. अर्धवट सांगून चालायचं नाही. "मिरची मागून येते म्हणजे किती मागून? घास गिळल्यावर का आधी?" असले प्रश्न. आमचा सुधीर, म्हणजे माझा नवरा, तोंड भरून "मस्त" म्हणाला तर त्याला म्हणायचे, "मस्त तर सगळेच म्हणतात, साहेब. सविस्तर सांगा." कारखान्यात तपासणी करून करून याला कौतुकसुद्धा मोजूनमापून लागतं, असं मला वाटायचं. मला विचारलं की मी "बरंय" म्हणून ओट्याकडे वळायची. माझ्या अंगाचा तिळपापड झालेला असायचा.

एकदा इरेला पेटून मीही भरलेली रताळी केली. बागुलांसारखीच, वर किसलेलं चीज. आई जेवल्या, हात धुतले, म्हणाल्या, "रताळी संपली का सगळी? उद्या पोळ्या कर." त्या रात्री मी सुधीरशी बोलले नाही. त्याचा काही संबंध नव्हता, पण रागावायला दुसरं कुणी नव्हतं.

मग एकादशी आली. आई एकादशी कडक करतात. कांदा-लसणाच्या सुरीनं कापलेलं फळसुद्धा त्यांना चालत नाही. बागुलांना हे माहीत असल्यामुळे एकादशीला ते दोन प्रकार करतात. आमच्यासाठी नेहमीचं, आणि आईंसाठी उपासाचं, दाण्याचं कूट, खोबरं, जिरं आणि मिरची घातलेलं. वरून दोन्ही सारखीच दिसतात म्हणून उपासाच्या रताळ्याला लवंग टोचायची ही त्यांची खूण.

त्या दिवशी ताटली घेऊन आले. आईंनी लवंग काढून बाजूला ठेवली आणि पहिला घास घेतला. मी शेजारीच उभी होते. आणि माझ्या नाकात वास शिरला. कांदा! परतलेल्या कांद्याचा आणि लसणाचा चांगला दणदणीत वास.

माझ्या मनात एकदम दिवाळी झाली, खोटं कशाला बोलू? बागुलांनी लवंग चुकीच्या रताळ्याला टोचली होती. आता आई घास थुंकणार, ताटली सरकवणार, बागुलांची हजेरी घेणार आणि ते रताळं आमच्या घरातून कायमचं हद्दपार होणार. मी आईंना चूळ भरायला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला.

आईंनी घास चावला. गिळला. दुसरा घेतला.

"खोबरं ताजं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि दाणे या वेळेला जास्त भाजलेत का? खमंग लागतायत. जिरं अगदी दाताखाली येतंय बघा."

"कूट जाडसर ठेवलं होतं," बागूल म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "म्हटलं बघू. त्यात काय शे!"

आईंनी ते रताळं सालीसकट संपवलं. बागूल गेले. दार लागलं. मी हातात तांब्या घेऊन तशीच उभी.

"आई, अहो, कांदा होता त्यात!"

"मला जीभ आहे," आई म्हणाल्या. "त्यालाच नाही."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मागे एकदा त्या बागुलांकडे आपलं पातेलं आणायला गेल्या होत्या. बागूल चहा पीत बसले होते. दूध नासलेलं, घरभर आंबूस वास, आणि हे मजेत घोट घेतायत आणि "आई, घेता का? फक्कड झालाय," म्हणतायत. आईंनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की मधल्या त्या मोठ्या साथीच्या तापात त्यांची चव आणि वास दोन्ही गेलं, ते परत आलंच नाही. घरी बोलले नाहीत. बायकोला कळलं तर ती नोकरी सोडून इकडे येऊन बसेल, ही भीती.

"म्हणून सविस्तर सांगा, सविस्तर सांगा करतो तो," आई म्हणाल्या. "त्याला जिभेनं कळत नाही, तर कानानं तरी कळू दे. आज कांदा आहे म्हटलं असतं, तर परत कधी रांधलं असतं का त्यानं? विठोबाला मी सांगेन काय ते." आणि आत जाता जाता म्हणाल्या, "तुझ्या स्वयंपाकाचं तुला काय सांगायचं? तुझी जीभ शाबूत आहे."

मला रडू आलं. बागुलांसाठी की माझ्या त्या सगळ्या मुक्या पोळ्यांसाठी, ते मात्र सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात आई माझ्या नणंदेकडे गेल्या. संध्याकाळी बागूल ताटली घेऊन आले. आई नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग राहू द्या. नंतर देतो," म्हणून वळले. मी थांबवलं. दारातच चमच्यानं घास घेतला. आईंसारखं काहीतरी छान बोलायचं असं ठरवलं होतं, पण जळकी जीभ ती, तिला कुठलं वळण!

"अळणी झालंय," मी म्हणाले. "आणि लसूण करपलाय. कडवट लागतोय."

बागूल ताटलीत वाकून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"करपलाय? लय?"

"लय नाही. कडेला थोडा."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. "बरं झालं सांगितलं, वहिनी. आई रोज छान म्हणतात. रोज छान कसं होईल? मला वाटायचंच, माझी समजूत काढताहेत." ताटली मांडीवर ठेवून म्हणाले, "मीबी तेच करतो ना घरी. शनिवारी बायको ताट वाढते, मी पहिल्या घासाला छान म्हणतो. रस्सा असो, बट्ट्या असोत, छान. ती हसते नुसती." मग एकदम मान वर करून म्हणाले, "तिला कळलं असंल का हो, वहिनी?"

मी आत जाऊन मिठाची वाटी आणली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी चिमूटभर घातलं, मी चाखलं. "अजून," मी म्हणाले. त्यांनी आणखी घातलं.

"आता?"

"आता जमलं," मी म्हणाले, आणि या वेळेला ते खरंच जमलं होतं.