भोयरकाकांचा भाबडा प्रश्न

आमच्या विद्यापीठात कुणाची पीएचडीची व्हायव्हा असली, की विभागप्रमुख सकाळी दोन गोष्टींची चौकशी करतात. बाहेरगावचे परीक्षक स्टेशनवर उतरले का, आणि भोयरकाका आले का. परीक्षकांची गाडी कधीमधी लेट होते. भोयरकाका कधीच लेट होत नाहीत.

देवाजी भोयर हे मानेवाड्यातले आमचे शेजारी. सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली, आता निवृत्त आहेत. पीएचडीशी तुमचा संबंध काय, असं कुणी विचारलं, तर ते अजिबात ओशाळत नाहीत. "काही नाही. आपण कोळशाचा माणूस. पण बोर्डावर 'खुली मौखिक परीक्षा' लिहिलं आहे ना भाऊ? मंग?" आता यावर कोण काय बोलणार! व्हायव्हा खुली असते, वाटेल त्याने येऊन बसावं आणि प्रश्नही विचारावा, असा नियमच आहे. फक्त नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, की खरोखरच कुणी येईल.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टॉवेलएवढा रुमाल, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची. एकदा एका शिपायाने त्यांना मागे बसा म्हटलं, तर म्हणाले, "मागं नाही बसत आपण. मागून बोलल्या जात नाही." मग परीक्षकांची सरबत्ती सुरू होते, उमेदवाराला घाम फुटतो, आणि नेमकं त्या वेळी काका उभे राहतात. "अध्यक्ष साहेब, माझा एक भाबडा प्रश्न."

तो प्रश्न खरोखरच भाबडा असतो. गणिताच्या एका पोराला त्यांनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण शेवटी उत्तर किती आलं?" वनस्पतिशास्त्राच्या मुलीने पाच वर्षं शेवाळाचा अभ्यास केला, तिला म्हणाले, "याची भाजी होते काय वं?" इतिहासवाल्याला तर थेट, "त्या राजाले पोट्टे किती होते, अन् त्याईचं आपसात जमे का?" प्रश्नाच्या आधी प्रस्तावना असते. तिच्यात कोराडीची कॉलनी असते, साडूचा संत्र्याचा बगीचा असतो, बंद पडलेली बस असते. परीक्षक घड्याळाकडे बघतात, पोरं तोंडावर हात धरून हसतात आणि गाइडचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काका येऊ नयेत म्हणून विभागांनी काय काय केलं! एका विभागाने नोटीस दाराच्या मागच्या बाजूला चिकटवली. काका आत गेले, दार लावून घेतलं, नोटीस वाचली आणि "छान जागा निवडली" असं शिपायाला सांगून आले. दुसऱ्या विभागाने ऐन वेळी खोली बदलली. काका समोशांच्या वासावर बरोबर पोचले.

हो, समोसे. व्हायव्हा संपली की उमेदवाराकडून अल्पोपहाराची पाकिटं वाटायची आमच्याकडे पद्धत आहे. एक समोसा, थोडे वेफर, संत्रा बर्फीचा तुकडा. काका न चुकता दोन पाकिटं मागतात. एक तिथेच खातात, दुसरं त्या मोठ्या रुमालात बांधतात. कुणी डोळे वटारले तर म्हणतात, "घरी बी एक परीक्षक बसून आहे." सगळे हसतात. आमची आई मात्र फणकारायची, "एवढी पेन्शन येते, अन् जीव जातो समोशात!"

तर असे हे भोयरकाका, आणि त्यांच्या शेजारी राहून मी पीएचडी करायला घेतली. विषय, बुटीबोरीच्या कापड कारखान्यांतल्या परप्रांतीय बायका. पीएचडी काय चीज आहे, हे केल्याशिवाय कळत नाही. आधी कोर्सवर्क. मग सिनॉप्सिस, त्यावर समितीने शीर्षकातला एक शब्द काढायला सांगितला, पुढच्या बैठकीत तोच शब्द घालायला सांगितला. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. गाइड परदेशात. गाइड परत आले तर लेकीच्या लग्नात. मजकूर कुठून उचलला का हे तपासणाऱ्या मशीनने माझी संदर्भसूचीच चोरीची ठरवली. शेवटी मरून रंगाचं बाइंडिंग आणि त्यावर सोनेरी अक्षरं, तीही एकदा माझ्या नावातला काना खाऊन आली.

या सगळ्या काळात काका कुंपणापलीकडून विचारायचे, "कुठवर आली वं गाडी, वैशाली?" त्यांचा स्वतःचा हिशोब होता. सिनॉप्सिस मंजूर झाला म्हणजे बॉयलर पेटला. प्रबंध जमा झाला म्हणजे वाफ तयार झाली. "पण लाइट लागतो तो व्हायव्हाले. तवर अंधारच समज."

आणि माझ्या अंधाराचं सांगायचं तर मी कॉलेजात कंत्राटावर शिकवत होते. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर, दर मे महिन्यात बेकार. त्या वर्षी एक कायम जागा निघाली होती आणि मुलाखतीच्या आधी पीएचडीचा निकाल हातात हवा होता. व्हायव्हा बिघडली तर जागा गेली, इतकं सरळ होतं. अशा दिवशी शेवाळाच्या भाजीचा प्रश्न मला परवडणारा नव्हता. मी व्हायव्हाची तारीख लपवली. आईलासुद्धा सांगितली नाही, कारण आईला सांगणं म्हणजे कॉलनीच्या बोर्डावर लावणं.

त्या दिवशी हॉलमध्ये शिरले, तर पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर पांढरा शर्ट. "ये वं पोरी," काका म्हणाले, "पंखा मी आधीच लावून ठेवला."

मी मनातल्या मनात डोकं आपटून घेतलं आणि सुरुवात केली. सुरुवात झकास झाली, खोटं कशाला बोलू! तक्ते, आलेख, सगळं फटाफट. मग बाहेरगावचे परीक्षक पुढे झुकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "या बायका तुम्ही निवडल्या कशा? यादी नाही, चिठ्ठ्या नाहीत. भेटेल तिला विचारत गेलात की काय?"

याचं उत्तर मला झोपेत येत होतं. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. परीक्षक वाट बघत होते. गाइड माझ्याकडे बघत होते. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि मला ती कायम जागा डोळ्यांसमोरून जाताना दिसत होती.

"अध्यक्ष साहेब, माझा एक भाबडा प्रश्न."

संपलं, मी म्हटलं. आता काय उरलं!

काका उभे राहिले आणि सुरू झाले. त्यांचा एक भाचा बुटीबोरीत होता. तो आधी सायकलने जायचा, मग सायकल चोरीला गेली, मग तो बसने जायला लागला, त्या बसचा कंडक्टर भला माणूस होता. हॉलमध्ये खसखस पिकली. परीक्षकांनी कपाळाला हात लावला. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मी पाणी प्यायले, श्वास घेतला. मग काका मुद्द्यावर आले. "तं माझं म्हणणं असं, या बायका डब्यात काय आणतात?"

मी हसलेच. "काका, बिहारच्या सत्तू आणतात, ओडिशाच्या पाण्यात भिजवलेला पखाल भात. पण एकटी कुणीच खात नाही. गोल करून बसतात. माझी पहिली ओळख झाली ती रिंकूची, तिच्या डब्यावर. तिने मला तिच्या खोलीतल्या दुसरीकडे नेलं, दुसरीने तिसरीकडे." आणि बोलता बोलता मी परीक्षकांकडे वळले. "सर, यादी नव्हतीच. भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या या बायकांची यादी कारखान्याकडेही नाही. एकीने दुसरीपर्यंत नेल्याशिवाय त्या भेटतच नाहीत. म्हणून हीच पद्धत." मग मी अशी सुटले, की शेवटी अध्यक्षांनाच थांबवावं लागलं.

पीएचडीची शिफारस झाली, टाळ्या झाल्या. काकांनी दोन पाकिटं घेतली. मी तिसरं देऊ केलं तर म्हणाले, "नाई वं. लालची समजतीन लोक."

कायम जागा मला मिळाली. पुढे दीक्षान्त समारंभ झाला, गाऊन घालून फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पदवीची फाइल आणि पेढे घेऊन काकांकडे गेले. काका घरात नव्हते. सुमनकाकूंनी दार उघडलं. काकू कॉलनीत कुणाकडे फारशा जात नाहीत, हळदीकुंकवालाही नाही. आई त्यांना घुम्या म्हणते.

काकूंनी पदवी दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "डब्याचं विचारलं ना तुले यायनं? मले सांगितलं. तुह्या समोशात मीठ कमी होतं, पण."

म्हणजे परीक्षक खरोखरच घरी होता. मी हसले, पण काकूंचं लक्ष अजून पदवीवरच होतं.

"माही बी झाली होती व्हायव्हा," त्या म्हणाल्या. "गृहविज्ञानात. खापा गावच्या विणकर कोष्ट्यांच्या घरी लेकरं काय खातात, त्याच्यावर. किती फिरली मी तिथं! बाहेरून आलेल्या बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, यात तुम्ही नवीन काय सांगितलं? अन् माहं तोंडच उघडेना. सगळं येत होतं वं मले. सारे चूप. हे ड्युटीवरून तसेच आले होते, कपड्याले राख, म्हणून लाजून मागच्या बाकावर बसले. तेबी चूप. मी उठली अन् घरी आली."

"परत बोलावलं असेल ना, काकू?"

"बोलावलं. नाई गेली." त्यांनी फाइल मिटली. "हे कधी रागावले नाईत. नुसतं म्हणतात, सुमन, मी तवा खोकललो असतो, तरी तुले श्वास घ्यायले भेटला असता."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि काका आले, हातात रुमालाची गाठोडी. मला बघून खूश झाले, पण बातमी आधी काकूंना. "आज भूगोल होता. पोट्टा असा बोलला ना, कुठं अडकलाच नाई! आपल्याले काही विचारायचं कामच नाई पडलं." प्रश्न विचारायला न मिळाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी आजवर बघितलेला नाही. या माणसाला मी मूर्ख समजत होते, सगळं विद्यापीठ समजत होतं.

मी दुसऱ्याच्या घरी जाऊन रडणाऱ्यांपैकी नाही. त्या वेळी मला एकच सुचलं. मी खुर्ची काकूंच्या समोर ओढली.

"काकू, माझा एक भाबडा प्रश्न. खाप्याच्या बाया मागावर बसल्या, की लेकरांना भरवायचं कोण?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. काका दाराजवळच्या खुर्चीवर हळूच टेकले, गाठोडी मांडीवर. मला वाटलं, चुकलंच माझं.

"माग सुरू झाला, का मायले उठता येत नाई," काकू हळूच म्हणाल्या. "धागा तुटते. मंग लहान्याले भरवे त्याची मोठी बहीण. सात-आठ वर्षांची पोट्टी. तिले जे जमे, तेच लेकरू खाये. अन् आम्ही सारे आहाराचे तक्ते मायले शिकवून राहिलो होतो." त्यांचा आवाज चढत गेला. पाठ ताठ झाली. कोणत्या घरात काय शिजायचं, कुठली पोर लहान्याला वरणाचं पाणी पाजायची, कुठली आपल्या वाटणीची भाकरी चावून द्यायची, सगळं. "मायले नका शिकवू, त्या पोट्टीले शिकवा, अन् तिच्या ताटात आधी वाढा. हेच नवीन होतं माह्या कामात, बाई. हेच सांगायचं होतं मले."

त्या थांबल्या. मागून टाळ्यांचा आवाज आला. काका उभे राहून एकटेच टाळ्या वाजवत होते, जोरजोरात, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबत नव्हते.

"पुरे झालं," काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "अहो, समोसा सांडला ना खाली!"